जनगणनेचे आकडे व गोपनीयता : अमेरिकेतील अनुभव

माहितीतून नाव वगळले की ती सुरक्षित होते, हा समज अमेरिकी जनगणनेच्या इतिहासात टिकत नाही. १९४० च्या जनगणनेतील व्यक्तिगत माहिती कायद्याने गोपनीय होती. तरीही पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर जनगणना कार्यालयाने जपानी वंशाच्या रहिवाशांचे लहान लहान वस्त्यांनुसार तक्ते लष्कराला पुरविले. सुमारे १,२०,००० लोकांना घरे सोडून छावण्यांत जावे लागले, त्या कारवाईस हे तक्ते उपयोगी पडले. त्यांत एकही नाव नव्हते! मार्च १९४२ च्या दुसऱ्या युद्धाधिकार कायद्याने तर नावांवरील बंधनही उठविले. १९४३ मध्ये वॉशिंग्टनमधील काहींची नावे व पत्ते सरकारी खात्यास दिले गेल्याचे मार्गो अँडरसन व विल्यम सेल्ट्झर यांनी २००७ मध्ये उघडकीस आणले.

युद्धोत्तर काळात कायद्याचे संरक्षण पुन्हा लागू झाले, परंतु संगणकामुळे प्रसिद्ध तक्त्यांवरूनच व्यक्ती ओळखता येण्याची शक्यता वाढत गेली. म्हणून १९९० च्या जनगणनेत काही कुटुंबांच्या नोंदींची परस्पर अदलाबदल करण्यात आली. पुढे सिंथिया ड्वर्क व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’ या संकल्पनेच्या आधारे २०२० च्या आकड्यांत हेतुपुरस्सर यादृच्छिक फरक मिसळला गेला. राज्यांची एकूण लोकसंख्या मात्र अचूक ठेवली, कारण प्रतिनिधिगृहातील जागांचे वाटप तिच्यावर ठरते. अलाबामा राज्याने २०२१ मध्ये या पद्धतीस न्यायालयात दिलेले आव्हान फेटाळले गेले.

मोठ्या शहराच्या आकड्यात असा फरक नगण्य ठरतो. काही डझन वस्तीच्या आदिवासी गावात तोच फरक ठळक होतो. ओळख उघड होण्याचा धोका अशाच वस्तीला अधिक असतो, आणि खऱ्या आकड्याची गरजही तिलाच अधिक असते.