पर्यावरणीय अर्थशास्त्र आणि पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्टा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वस्तूच्या उत्पादन खर्चात कच्चा माल, मजुरी, व्याज व खंड यांचा समावेश होतो; परंतु उत्पादनामुळे दूषित झालेल्या नदीचे मूल्य त्यात धरले जात नाही. तो भार समाज सोसतो. ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये खाजगी व सामाजिक खर्चातील ही तफावत कराद्वारे भरून काढण्याचा विचार मांडला. हक्क सुस्पष्ट व व्यवहारखर्च नगण्य असल्यास संबंधित पक्ष आपसांत तडजोड करू शकतात, असे रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये प्रतिपादन केले.

औद्योगिक विकास व नद्या :
पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर या परिसरात उद्योगांची झपाट्याने वाढ झाली. १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली आणि पुढे चाकण हे वाहन उद्योगाचे केंद्र बनले. पवनेचे पाणी मुळा-मुठेतून, तर इंद्रायणीचे थेट भीमेत जाते व अखेर उजनी जलाशयात पोहोचते. म्हणजेच लाभ एका जिल्ह्यात आणि खर्चाचा काही भाग दुसऱ्या जिल्ह्यात, अशी ही विभागणी आहे.

कायदे व त्यांची मर्यादा :
१९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानंतर १९७७ मध्ये जल उपकर कायदा आला. उद्योग व स्थानिक संस्था या दोहोंवर उपकर बसला. मात्र त्याची आकारणी प्रदूषणाच्या भारावर नव्हे, तर पाण्याच्या वापरावर होती आणि प्रदूषण मंडळांना निधी मिळवून देणे हा त्याचा हेतू होता. त्यामुळे तो पिगूप्रणीत कर ठरत नाही. २०१७ मध्ये तोही रद्द झाला. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्वीकारले. परंतु नदीत घरगुती सांडपाणीही मिसळत असल्याने येथे प्रदूषक व पीडित पूर्णतः वेगळे करता येत नाहीत.

मावळचा अनुभव :
पवना धरणातून शहरासाठी बंद जलवाहिनी टाकण्यास मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी आंदोलनावेळी झालेल्या पोलीस गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला व प्रकल्प दीर्घकाळ स्थगित राहिला. पाण्यावरील हक्क वादग्रस्त असल्यास कोस यांना अभिप्रेत तडजोड किती दुष्कर ठरते, हे यातून दिसते.

समारोप :
सारांश, नदीचा खर्च हिशोबात न धरल्याने तो नाहीसा होत नाही. केवळ त्याची किंमत मोजणारा बदलतो. तो कोण, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच न्यायाचाही आहे.