यादवकाळचा पाऊस, आजचं ऊन पाणी

आषाढ. नागभीडजवळ घोडाझरीच्या टेकड्यांवर पाऊस कोसळतोय आणि तुम्ही भिजत उभे आहात. पायाखालचा खडक दोनशे कोटी वर्षांहून जुना, टणक. थोडं पाणी मुरतं, बाकीचं ओढ्यांनी वैनगंगेकडे धावतं. इथल्या विहिरीचं पाणी गार, कारण ते फार खोल गेलेलंच नसतं. खोलवर जाऊन आलेलं पाणी बघायला नैर्ऋत्येला चला, पैनगंगेच्या काठी, किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला. आणि आठशे वर्षं मागे.

देवगिरीवर यादव राज्य करतायत. तुम्ही आता पावसाचा थेंब आहात. माती ओलांडून तुम्ही खडकाच्या भेगेत शिरता. मागून येणारं पाणी तुम्हाला खाली रेटतं. दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. इथे जिवंत ज्वालामुखी नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवलेला. ही धग पृथ्वीच्या पोटातली. खडकांतलं युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम तिच्यात सतत भर घालतं.

वर चांद्याला गोंड राजे परकोट बांधतायत. खाली अंधारात तुम्ही खडकातले क्षार पोटात घेताय. तापून हलके झालात, मागे उंचावरच्या पाण्याचा दाब आहेच. उभी, मोकळी भेग सापडते आणि तुम्ही वर निघता. रेंगाळलात तर वाटेतच निवाल. भरभर चढलात तरच ऊब टिकेल.

इंग्रज येतात, जातात. तुम्ही उनकेश्वरच्या कुंडात पोचता. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून हे पाणी काढलं, असं लोक सांगतात. त्वचेचे आजार बरे व्हावेत म्हणून दुरून अंघोळीला येतात. अशा पाण्याच्या फेरीला शेकडो, कधी हजारो वर्षं लागतात.

पुढे पैनगंगा, मग वर्धा. गडचिरोलीतल्या चपराळ्याला वैनगंगा भेटते, नागभीडचा पाऊस घेऊन, आणि दोघींची प्राणहिता होते.

उन्हाळे, म्हणजे असे गरम पाण्याचे झरे, मुरलेल्या पावसावर जगतात. भोवतालचं रान तुटलं, कुंडाशेजारी खोल बोअर झाले, तर दाब घटतो आणि झरा आटू शकतो. म्हणून कुंडाला हात जोडताना वरचं रानही राखा. आज मुरेल तेच पुढच्या पिढ्यांना मिळेल.