साउथ फोर्कचा ग्रीष्मकालीन क्लब : मालकी आणि दायित्व

एखाद्या स्थावर मालमत्तेचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः खरेदीखते, सनदा व निवाडे यांच्या आधारे तिच्या मालकांची परंपरा लावतो. तेवढ्याने इतिहास पुरा होतोच असे नाही. काही मालमत्ता अशा असतात की त्यांच्याबरोबर धोक्याचेही हस्तांतर होते, आणि त्या धोक्याचा उल्लेख खरेदीखतात नसतो. अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया राज्यात कॉनेमॉ सरोवराच्या काठी असलेला ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ हे याचे ठळक उदाहरण होय. ३१ मे १८८९ रोजी या क्लबच्या मालकीचे धरण फुटून जॉन्सटाउन हे शहर उद्ध्वस्त झाले व २,२०९ माणसे प्राणास मुकली. त्या महापुराचे वर्णन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. सार्वजनिक कामासाठी बांधलेले धरण खाजगी करमणुकीचे साधन कसे बनले, आणि प्रत्येक हस्तांतरात मालकी पुढे जात असता दायित्व मागे का राहिले, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

धरणाचा उगम राज्याच्या जलमार्गयोजनेत आहे. फिलाडेल्फिया व पिट्सबर्ग ही शहरे जोडण्यासाठी पेन्सिल्वेनिया राज्याने कालवे व लोहमार्ग यांची एक मालिका उभारली होती. तिच्या पश्चिमेकडील कालव्याचा आरंभ जॉन्सटाउन येथे होई. उन्हाळ्यात या कालव्यास पाणी कमी पडे. म्हणून शहराच्या वरच्या अंगास, प्रवाहमार्गाने सुमारे १४ मैलांवर, साउथ फोर्क या उपनदीवर मातीचे धरण बांधण्याचे काम १८३८ मध्ये हाती घेण्यात आले. राज्याच्या द्रव्यटंचाईमुळे ते कित्येक वर्षे रखडले व १८५३ मध्ये पुरे झाले. धरणाची लांबी ९३१ फूट व उंची ७२ फूट होती. तळाशी पाणी सोडण्यासाठी दोन दोन फूट व्यासाचे पाच बिडाचे नळ होते, आणि एका टोकास खडक कापून सांडवा केलेला होता. तात्पर्य, पाणी साठविण्याची व ते इच्छेनुसार सोडण्याची अशा दोन्ही सोयी मूळ रचनेत होत्या.

तथापि धरण पुरे होईपर्यंत आगगाडीने कालव्याचे प्रयोजनच संपविले होते. १८५७ मध्ये राज्याने ही सर्व योजना पेन्सिल्वेनिया रेलरोड कंपनीस विकली. कंपनीस लोहमार्गाच्या हक्काची आवश्यकता होती, धरणाची नव्हती. साहजिकच त्याची निगा राहिली नाही. १८६२ मध्ये धरणाचा एक भाग ढासळला. त्या वेळी तलावात पाणी बेताचे असल्याने खाली मोठी हानी झाली नाही, आणि या धरणापासून फारसे भय नाही असा समज मात्र खोऱ्यात रूढ झाला. १८७५ मध्ये जॉन रायली या गृहस्थांनी ही मालमत्ता विकत घेतली. त्यांच्या कारकिर्दीत तळाचे नळ काढून मोडीत विकण्यात आले. १८७९ मध्ये त्यांनी ती बेंजामिन रफ यांस अवघ्या २,००० डॉलरांस दिली. रफ यांच्या हाती आले ते पाणी सोडण्याचे साधन नसलेले, मधोमध खचलेले धरण होते.

रफ यांचा उद्देश पिट्सबर्गच्या धनिकांसाठी डोंगरातील विश्रामस्थान निर्माण करणे हा होता. पिट्सबर्ग हे त्या काळी पोलाद व कोळसा यांच्या धुराने कोंदलेले शहर होते. त्या धुरापासून आगगाडीने काही तासांवर स्वच्छ हवा, नौकाविहार व मासेमारी यांचा लाभ मिळावा, अशी ही कल्पना होती. १८७९ च्या नोव्हेंबरात क्लबची सनद पिट्सबर्ग येथील न्यायालयात मंजूर झाली. वास्तविक ज्या कौंटीत संस्थेचा मुख्य व्यवहार चालावयाचा, तेथे तिची नोंद होणे कायद्यास अभिप्रेत होते. क्लबचे सरोवर केंब्रिया कौंटीत आणि सनद अ‍ॅलेगेनी कौंटीत, अशी ही विसंगत व्यवस्था होती. ज्यांच्या डोक्यावर हे पाणी उभे राहावयाचे होते, त्यांच्या न्यायालयापुढे क्लबचे कागद आलेच नाहीत.

सुमारे साठ सभासदांच्या या संस्थेत अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन, हेन्री फिप्स, फिलँडर नॉक्स यांसारखी मंडळी होती. सरोवराच्या काठी ४७ खोल्यांचे, रुंद ओसरीचे क्लबगृह उभारण्यात आले. भोजनगृहात दीडशे माणसांची पंगत एका वेळी बसू शके. शेजारी सभासदांची १६ निवासगृहे होती; त्यांना कॉटेज म्हणत असले तरी ती प्रशस्त होती. पाण्यात शिडाच्या होड्या फिरत व मुद्दाम आणून सोडलेले मासे वाढत. शांतता आणि अलिप्तता हे या जीवनाचे मुख्य आकर्षण होते.

याच सुखसोयींसाठी धरणात जे फेरफार झाले, ते लक्षात घेतले पाहिजेत. भगदाड बुजविताना दगडमातीबरोबर झाडांच्या फांद्या व गवतही वापरण्यात आले. काढून टाकलेले नळ पुन्हा बसविले नाहीत. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून तो छाटून रुंद केला व त्यामुळे धरणाची उंची कमी झाली. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर लोखंडी जाळ्या बसविल्या. यांतील प्रत्येक बदल वेगळा घेतला तर किरकोळ वाटतो. परंतु नळ नसल्यामुळे पाण्याची पातळी उतरवून डागडुजी करणे अशक्य झाले होते, आणि पुराच्या वेळी सर्व भार आकुंचित झालेल्या सांडव्यावर पडणार होता.

हा धोका कोणाच्याच ध्यानात आला नाही असे म्हणता येत नाही. जॉन्सटाउनच्या केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये जॉन फुल्टन यांस धरणाच्या पाहणीसाठी पाठविले. पाणी सोडण्याचे नळ नाहीत व पूर्वीची गळती नीट बंद केलेली नाही, हे दोन मुख्य दोष फुल्टन यांनी दाखविले. त्यांच्या अहवालातील तपशिलाच्या काही चुका काढून रफ यांनी तो फेटाळला व भीतीचे कारण नसल्याचे कळविले. दुरुस्तीच्या खर्चाचा वाटा उचलण्याची मॉरेल यांची तयारीही स्वीकारली गेली नाही. पुढे मॉरेल स्वतः क्लबचे सभासद झाले. १८८५ मध्ये ते वारले व १८८७ मध्ये रफही निवर्तले. ज्यांनी या प्रश्नाविषयी पत्रव्यवहार केला होता, ते दोघेही नाहीसे झाले आणि प्रश्न तसाच राहिला.

१८८९ च्या मे अखेरीस अतिवृष्टी झाली. ३१ तारखेस सकाळी क्लबचे अध्यक्ष इलायस अंगर यांनी मजूर लावून माथा उंच करण्याचा व दुसरा चर खणण्याचा प्रयत्न केला; परंतु सांडव्यावरील जाळ्या कचऱ्याने गच्च भरल्या होत्या. जॉन पार्क हा तरुण अभियंता घोड्यावरून साउथ फोर्क गावी इशारा देण्यास गेला. तेथून तारा गेल्या. पण पूर्वी अशा अफवा अनेकदा ऐकलेल्या असल्याने शहराने त्यांची फारशी दखल घेतली नाही. दुपारी तीननंतर धरण फुटले आणि सुमारे तासाभरात पाण्याचा लोट जॉन्सटाउनवर येऊन आदळला. मृतांपैकी ७७७ जणांची ओळखही पटली नाही.

नुकसानभरपाईसाठी क्लबवर झालेल्या दाव्यांपैकी एकही यशस्वी झाला नाही. क्लबचा बचाव करणारे नॉक्स व रीड हे वकील स्वतःच सभासद होते. सभासद धनाढ्य असले तरी संस्था म्हणून क्लबजवळ वसूल करण्याजोगे फारसे काही नव्हते, आणि कोणा एका व्यक्तीचा हलगर्जीपणा सिद्ध करणे दुष्कर होते. इंग्लंडात १८६८ च्या ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या निवाड्याने निराळे तत्त्व मांडले होते. तोही तंटा जलाशयाचाच होता. आपल्या जमिनीवर धोकादायक वस्तू साठविणाराने ती निसटल्यास हलगर्जीपणाच्या पुराव्याशिवायही भरपाई द्यावी, असे ते तत्त्व. पेन्सिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्ये एका कोळसा कंपनीच्या खटल्यात ते मानण्यास नकार दिला होता. जॉन्सटाउननंतरच्या दशकांत मात्र अमेरिकेतील अनेक राज्यांच्या न्यायालयांनी त्याचा स्वीकार केला. याच तत्त्वाच्या पुढे जाऊन भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये, दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणी, दैवी आपत्तीसारखे अपवादही न मानणारे संपूर्ण दायित्व प्रतिपादिले, हे भारतीय वाचकास ठाऊक आहेच.

अभियंत्यांच्या निष्कर्षांचाही येथे विचार करणे प्राप्त आहे. अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने नेमलेल्या समितीचा अहवाल १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लबने केलेले बदल नसते तरीही एवढ्या पावसाने धरणावरून पाणी गेलेच असते, असे मत त्यात होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जलशास्त्रीय संशोधनाने त्यास छेद दिला. माथा छाटल्यामुळे दुसऱ्या बाजूचा पूरक सांडवा निरुपयोगी झाला व धरणाची पूर सोडण्याची शक्ती पुष्कळच घटली, असे या संशोधनात दाखविले आहे. ज्यास एक शतकाहून अधिक काळ दैवी कोप म्हटले गेले, त्यात मनुष्यकृतीचा वाटा निश्चित मोठा ठरतो.

क्लबच्या मालमत्तेची पुढील कहाणी थोडक्यात सांगता येईल. सभासद सरोवराकडे फिरकेनासे झाले व १९०४ मध्ये मालमत्तेचा लिलाव झाला. सरोवराच्या कोरड्या तळाच्या परिसरात सेंट मायकेल ही खाणकामगारांची वसाहत उभी राहिली. १९६४ मध्ये धरणाच्या अवशेषांस राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि २००६ मध्ये क्लबगृह राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आले. राज्याने विकलेली वस्तू सुमारे दीडशे वर्षांनी, तीही अवशेषरूपाने, पुन्हा सार्वजनिक झाली.

या वृत्तान्तातून कोणी एक खलपुरुष निष्पन्न होत नाही. राज्याने प्रयोजन संपताच धरण विकले, रेल्वेने त्याकडे दुर्लक्ष केले, रायली यांनी नळ मोडीत काढले, आणि क्लबने माथा छाटला. प्रत्येकाने आपल्या हक्काच्या मर्यादेत राहूनच व्यवहार केला. खालच्या खोऱ्यातील वस्तीचे नाव मात्र यांपैकी कोणत्याही व्यवहारात पक्षकार म्हणून आले नाही. मालमत्तेचा इतिहास लिहिणाराने खरेदीखतावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्याइतकाच, ज्यांच्या सह्या घेतल्याच गेल्या नाहीत त्यांचाही विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.