मूठभर तांदूळ

मिझोरमची माझी पहिली पोस्टिंग २००७ सालची. कॅप्टन होतो, वय सव्वीस, आणि खडकवासल्याला शिकलेलं सगळं आपल्याला येतं असा समज अजून शाबूत होता. ज्या वाचकांनी सिल्चर ते ऐजॉल हा रस्ता केलाय त्यांना वैरेंगटे सांगायला नको. जंगलातल्या लढाईची आपली शाळा तिथे १९७० पासून आहे आणि त्या चढांवर भल्याभल्यांची जिरलेली आहे. पण आजचा लेख त्या शाळेचा नाही. त्याच रस्त्यालगतच्या एका गावातल्या स्वयंपाकघराचा आणि तिथल्या एका डब्याचा आहे.

त्या वर्षी बांबू फुलला होता. मिझो लोक याला 'माउताम' म्हणतात. तिथला मुख्य बांबू साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदाच फुलतो, फळतो आणि मरतो. फळं खाऊन उंदीर माजतात, आणि फळं संपली की तेच उंदीर झूमच्या शेतात उतरतात. एका रात्रीत भाताचा डोंगरउतार साफ. १९११ साली हे झालं, १९५९ ला झालं, आणि मग थेट माझ्यासमोर. गावातला भात गेला होता, लोक रेशनच्या तांदळावर होते, आणि आमची तुकडी त्या भागात रसद पोचवायच्या कामात थोडीफार मदत करत होती.

एका घरात चहाला बसलो होतो. घरमालक गावातल्या चर्चचे 'उपा', म्हणजे निवडून दिलेले ज्येष्ठ, निवृत्त शाळामास्तर. सोबत दुभाषी म्हणून एक मिझो जवान आणि आमचे सुभेदार साहेब, जे मूळचे कागलकडचे. मास्तरांच्या पत्नीने रेशनचा तांदूळ भांड्यात मोजून घेतला आणि चुलीवर ठेवण्याआधी त्यातली एक मूठ काढून शेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. सहज, लक्ष न देता, आपल्याकडे बाई पहिली पोळी गाईसाठी बाजूला काढते तशी.

मी विचारलं, "हे कशासाठी?"

दुभाष्याने त्यांना विचारलंही नाही. "सर, ये चर्च का है. सब घर में होता है."

"पण यंदा उंदरांनी शेत खाल्लंय ना?"

हे मात्र त्याने भाषांतर करून विचारलं. बाई हसल्या आणि मिझोत काहीतरी बोलल्या. त्याचा अर्थ असा, की जेवतो तेवढ्यातलंच काढतो, न जेवलो तर नाही काढत.

या प्रथेला 'बुहफाइ थाम' म्हणतात. बुहफाइ म्हणजे तांदूळ, थाम म्हणजे मूठ. १९१० पासून चालू आहे. प्रत्येक वेळच्या भातातून एक मूठ, आठवड्याला चर्चच्या बायका घरोघर फिरून ती गोळा करतात, विकतात, आणि पैसे चर्चच्या कामाला जातात. आज या मुठीमुठीतून वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात. आपल्याला हे अगदीच परकं वाटू नये. कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात मुलांच्या वसतिगृहासाठी मुष्टिफंड जमवला तो असाच. कोण कुणाकडून शिकलं असा हा प्रश्न नाही. गरिबाकडे द्यायला मूठच असते.

पण मला खटकत होतं ते दुसरंच. ही मूठ जाते कुठे? मास्तर म्हणाले, बराचसा भाग मिशनच्या कामाला, म्हणजे बाहेरच्या राज्यांत प्रचारक पाठवायला. मी गप्प बसलो. ज्या घरात मी वाढलो तिथे 'मिशनरी' हा शब्द आला की आवाज थोडा बदलायचा. आमच्याकडचे बरेच वाचक त्याच घरांतले आहेत, म्हणून ते लपवत नाही. त्या दिवसानंतर मी या डोंगरांचा इतिहास वाचायला घेतला.

त्याची सुरुवात, आपल्याला शोभेशी, फौजेपासूनच होते. जानेवारी १८७१ मध्ये लुशाई टोळीने कछारच्या चहाच्या मळ्यावर हल्ला केला आणि मेरी विंचेस्टर नावाच्या लहान मुलीला पळवून नेलं. तिला सोडवायला १८७१-७२ मध्ये दोन बाजूंनी फौजा चढल्या. पुढे फील्ड मार्शल झालेले रॉबर्ट्स त्या मोहिमेत स्टाफवर होते. १८८९-९० ला दुसरी मोठी मोहीम झाली आणि ऐजॉलला ठाणं बसलं. म्हणजे बंदूक आधी आली, बायबल मागून. हे मान्य करूनच पुढे जावं लागतं.

११ जानेवारी १८९४ रोजी लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन इंग्रज तरुण नदीतून होडीने सैरांगला उतरले. मिझोरममध्ये आजही हा दिवस पाळतात. त्यांना पाठवणारा माणूसही विलक्षण. लीड्सचा रॉबर्ट आर्थिंग्टन, लक्षाधीश, स्वतः भिकाऱ्यासारखा राहणारा. ख्रिस्त लवकरच परत येणार, तेव्हा एका जागी मुक्काम न करता भराभर पुढे सरकत सगळ्यांच्या कानावर शुभवर्तमान घालायचं, अशी त्याची पक्की धारणा. चार वर्षंही झाली नाहीत तोच त्याने दोघांना परत बोलावलं. एवढ्या काळात त्यांच्या हातून एकाचाही बाप्तिस्मा झाला नव्हता. आपल्या भाषेत मोहीम फसली. पण जाताना ते मागे काय ठेवून गेले? लिपी नसलेल्या भाषेला रोमन अक्षरं, एक शाळा, शब्दकोशाची आणि व्याकरणाची वही, आणि बायबलमधल्या तीन पुस्तकांचं भाषांतर. मिझो मुलं आजही त्याच लिपीच्या सुधारलेल्या रूपात लिहितात.

त्यांच्या जागी वेल्सच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे डी. ई. जोन्स १८९७ मध्ये आले. खुमा आणि खारा या दोघांचा पहिला बाप्तिस्मा १८९९ चा. १९०१ च्या जनगणनेत सगळ्या लुशाई टेकड्यांत ख्रिस्ती मिझो ४५. लॉरेन आणि सॅव्हिज १९०३ मध्ये बॅप्टिस्ट मिशनतर्फे दक्षिणेकडे, लुंगलेईजवळ परतले. तेव्हापासून उत्तर प्रेस्बिटेरियन आणि दक्षिण बॅप्टिस्ट अशी ढोबळ विभागणी आहे.

आता एक गोष्ट, जी वाचताना मी खुर्चीत सरळ झालो. १९०४ मध्ये वेल्समध्ये धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. १९०५ च्या सुरुवातीला ती खासी टेकड्यांतल्या वेल्श मिशनमध्ये पोचली. आणि त्याच वर्षी जूनमध्ये, या बातम्यांनी भारावलेल्या प्रार्थनांमधून, ती उठली कुठे? केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. पुणे-दौंड लोकलने शेकडो वेळा मी केडगाव स्टेशन ओलांडलंय, आमचं गाव त्याच पट्ट्यातलं. डब्यातली माणसं 'मुक्ती मिशन' म्हणून बोट दाखवायची, त्यापलीकडे काही नाही. १९०६ मध्ये दहा मिझो पायी खासी टेकड्यांत मैरांगच्या मेळाव्याला गेले. ते परतल्यावर एप्रिलमध्ये ऐजॉलला तीच लाट उठली. वेल्स, खासी टेकड्या, केडगाव, ऐजॉल. दोन वर्षांत एक धागा.

त्यानंतर प्रचाराचं काम गोऱ्यांच्या हातात फारसं राहिलं नाही. मिझोच गावोगाव पायी फिरले. विरोधही झाला. १९०८ च्या सुमारास 'पुमा झाइ' नावाच्या गाण्याची लाट आली, नव्या धर्माची टर उडवणारी, आणि काही काळ तिने चर्च रिकामी केली. पहिला मिझो पाळक १९१३ मध्ये दीक्षित झाला. १९२१ ला ख्रिस्ती मिझोंची संख्या सत्तावीस हजारांवर गेली होती. आज राज्यात सत्त्याऐंशी टक्के.

सरकारने हे घडवलं का? इथे डॉक्टर फ्रेझरची गोष्ट सांगतो. पीटर फ्रेझर १९०८ मध्ये आला. त्याने पाहिलं की प्रमुखांच्या घरी 'बोई' म्हणून माणसं बांधलेली आहेत; सुटकेची किंमत चाळीस रुपये. फ्रेझरने याला गुलामगिरी म्हटलं आणि स्वतःच्या पैशाने माणसं सोडवायला सुरुवात केली. प्रमुखांच्या भरवशावर राज्य चालवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला हे परवडणारं नव्हतं. फ्रेझरला लिहून द्यायला सांगितलं, की या भानगडीत पडणार नाही. त्याने दिलं नाही. १९१२ मध्ये त्याला टेकड्या सोडाव्या लागल्या. त्याच्या मिशननेही त्याची बाजू घट्ट धरली नाही, हेही नोंदवलं पाहिजे.

नुकसानही झालं. तांदळाची 'झू' गेली, ती गेली याचं मला फार दुःख नाही, पण तिच्याबरोबर जुने सण गेले, गाणी गेली, चर्चमधून ढोल गेला. ढोल नंतर लोकांनीच परत आणला. आज त्यांच्या सामूहिक गाण्यात जो संथ, छातीत घुमणारा ठोका असतो, तो वेल्सचा नाही. १९९५ ला चर्चच्या आग्रहाने दारूबंदीचा कायदा आला. आमच्या कॅन्टीनकडे गावातले काही लोक ज्या प्रेमाने पाहत, त्यावरून तो तेव्हा किती पाळला जायचा याचा मला अंदाज आहे.

मास्तरांना मी पुढे एकदा सरळ विचारलं, तुमची श्रद्धा नेमकी कशावर? शाळामास्तरच ते, त्यांनी शांतपणे सांगितलं. देव एक, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. माणूस स्वतःच्या पुण्याने तरत नाही, ख्रिस्ताच्या कृपेने तरतो. बायबल शेवटचा शब्द. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच संस्कार. बिशप नाही, मंडळी आपले ज्येष्ठ निवडते, त्यांच्यावर प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनड. "आणि मिशन?" ते म्हणाले, "का पु, कृपा फुकट मिळाली. फुकट मिळालेली वस्तू घरात कुलूप लावून कशी ठेवायची?" त्यांच्या लेखी मिशन ही चर्चची एखादी शाखा नव्हती. आपल्या दारी कोणीतरी नदीतून होडी ओढत आलं, त्याची ती परतफेड होती.

मला हे सगळं पटलं असं नाही. दुसऱ्याच्या देवापाशी जाऊन आपला देव सांगावा का, यावर माझं मत आजही वेगळं आहे, आणि ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा पुन्हा ओतला.

१९६६ चा विषय मी काढला नाही, त्यांनी काढला. १९५९ च्या माउतामनंतर दुष्काळ पडला, मदत तोकडी आणि उशिरा आली, दुष्काळ निवारणासाठी निघालेल्या संघटनेतून मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली. २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री बंड. ५ मार्चला ऐजॉलवर आपल्याच विमानांनी हल्ला केला. १९६७ पासून गावं उठवून रस्त्याकडेला वसवली गेली. जुनी घरं जाळली. कागदावर त्यांना 'संरक्षित आणि प्रगतिशील गावं' म्हणत. मास्तर तेव्हा वीस वर्षांचे होते. आपलं गाव सोडताना चर्चची घंटा त्यांनी आणि दोन मित्रांनी बांबूला बांधून खांद्यावरून आणली. हे सांगताना आवाज चढला नाही. माझ्या गणवेशाकडेही त्यांनी पाहिलं नाही, आणि त्यामुळेच मला तो जड झाला. त्या काळात तिथे नोकरी केलेले काही ज्येष्ठ हे वाचत असतील. त्यांचे साथीदार त्याच जंगलात पडले, तेही मी विसरत नाही.

परदेशी मिशनरी १९६८ च्या सुमारास परत गेले. चर्च कोसळलं नाही, कारण ते चालवणारे आधीपासूनच मिझो होते. बंडखोर आणि सरकार, दोघांशी बोलू शकतील अशी माणसं त्या वीस वर्षांत चर्चकडेच होती, आणि ती बोलत राहिली. करार ३० जून १९८६ ला झाला. लालडेंगांसमोर भारत सरकारतर्फे सही करणारे गृहसचिव आपले राम प्रधान, आणि तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता.

मास्तरांना हे नाव माहीत होतं. "तो पण तुमच्या गावचा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राज्य तेच.

बदलीच्या आधी एकदा शनिवारी त्या गावात थांबलो. चर्चच्या बायका पाठीवरच्या टोपल्या घेऊन घरोघर फिरत होत्या. डबे उपडे होत होते. कुठे दोन मुठी, कुठे अर्धा डबा. एका घरी डबा रिकामा होता. टोपलीवाली बाई काही न बोलता पुढच्या दाराकडे वळली. शेवटी चर्चच्या ओट्यावर सगळा तांदूळ एका पोत्यात भरला. आम्ही खाली रस्त्याकडे निघालोच होतो, म्हणून सुभेदार साहेबांनी पोतं आमच्या गाडीत ठेवायला लावलं. काट्यावर आधी वजन झालं. वर्ष वाईट, तरी साडेअकरा किलो. एका मुलीने ते वहीत लिहिलं, खाली तारीख टाकली, आणि पोत्याची पावती म्हणून माझी सही मागितली.