छत्तीसचा आकडा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना संकोच वाटेल त्यांना रेडिओचा आवाज थोडा कमी करता येईल. विषय आहे ब्रेसियर, आपल्या रोजच्या बोलण्यातली ब्रा. माझ्या आईच्या पिढीत तिला ‘बॉडी’ म्हणत. धुतल्यावर ती दोरीवर वाळत घालायची आणि वरून परकर किंवा टॉवेल पांघरायचा, ही रीत अजून कित्येक घरांत आहे. सकाळी आंघोळीपासून रात्री निजेपर्यंत जी वस्तू अंगावर असते, तिच्याविषयी आपण मोठ्याने बोलत नाही. त्याची किंमत किती द्यावी लागते, हे मला फार उशिरा कळले.

मी एका मुलींच्या शाळेत तीस वर्षे शिवण शिकवले. छाती, कंबर, मुंढा, पाठ, बाही, गळा ही मापे घ्यायला शेकडो मुलींना शिकवले. १९९८ साली आई अंथरुणाला खिळली आणि तिला आंघोळ घालण्याचे काम माझ्याकडे आले. तेव्हा तिचे खांदे मी पहिल्यांदा नीट पाहिले. दोन्ही खांद्यांवर एकेक खोल चर पडलेला होता. त्यात माझे बोट बसत होते. “आई, हे काय गं?” मी विचारले. ती म्हणाली, “बंदांचे वळ आहेत ते. असतात सगळ्यांना.” मी माझ्या खांद्यावर हात फिरवून पाहिला. तिथेही चर होते, थोडे उथळ इतकेच.

आईचा नंबर होता छत्तीस. लग्नानंतर कोणीतरी तिला तो सांगितला आणि तिने तो जन्मभर धरला. तीन बाळंतपणे झाली, मध्यंतरी अंगाने भरली, म्हातारपणी सुकली, पण नंबर तोच. मी मोठी झाल्यावर माझ्यासाठीही तिने तोच आणला. “आपल्याकडे छत्तीसच लागतो,” असे ती म्हणे, जणू ते आमचे कुलदैवत होते! दोघांचे जमेनासे झाले की मराठीत त्यांचा ‘छत्तीसचा आकडा’ आहे म्हणतात, कारण देवनागरीतले तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात. माझ्या आईच्या अंगाचा आणि तिच्या बॉडीचा चाळीस वर्षे छत्तीसचा आकडा होता.

हा आकडा आला कुठून, हे शोधावे असे मला आईच्या मागे वाटू लागले. कारण माझ्या आजीला आकडा ठाऊकच नव्हता. आजी खणाची चोळी घाली. गुळेदगुड्डचा खण एका चोळीपुरता मिळे. जुनी चोळी अंथरून, विती-बोटांनी मोजून आजी स्वतःच तो बेतत असे आणि हाताने शिवत असे. पुढे गाठ. ही गाठ फार शहाणी होती. दिवस राहिले, मूल अंगावर पिऊ लागले, अंग वाढले किंवा उतरले, तरी गाठ सैल किंवा घट्ट करता येई. चोळी अंगाचे ऐकत असे. आपल्याकडे शिवलेल्या चोळीची परंपराही जुनी. संस्कृतातली कंचुकी आपल्याला माहीत आहेच, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या नर्तकीच्या अंगातही शिवलेले वस्त्र दिसते.

युरोपातही छातीला आधार देणारे वस्त्र काल-परवाचे नाही. ऑस्ट्रियात लेंगबर्ग नावाचा एक किल्ला आहे. २००८ मध्ये त्याची दुरुस्ती चालू असताना एका मजल्याच्या तक्तपोशीखाली जुन्या कापडांचे दोन हजारांहून अधिक तुकडे सापडले. त्यांत चार वस्त्रे अशी होती की आजच्या ब्राची आठवण व्हावी. तागाच्या कापडाच्या दोन वेगवेगळ्या वाट्या शिवलेल्या! इन्सब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हा शोध जाहीर केला. ही वस्त्रे पंधराव्या शतकातली. म्हणजे दोन बाजूंना दोन वाट्या हव्यात, हे कोणा शिवणाऱ्या बाईला तेव्हाच उमगले होते. आपल्या शिंप्यांनीही ‘कटोरी ब्लाउज’ म्हणताना हीच गोष्ट ओळखली आहे.

मध्ये कित्येक पिढ्या कॉर्सेटच्या गेल्या. देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्या किंवा पोलादी कांब्या घालून कंबर आवळायची आणि छाती खालून वर रेटायची, असा तो प्रकार. पॅरिसच्या एर्मिनी कादोल या बाईंनी १८८९च्या सुमाराला कॉर्सेटचे दोन भाग केले. कमरेचा वेगळा, छातीचा वेगळा, आणि वरच्या भागाचा भार खांद्यावरच्या बंदांवर. १९१४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांना अमेरिकेत ब्राचे पेटंट मिळाले. मेजवानीला जाताना झिरझिरीत पोशाखातून कॉर्सेटच्या कांब्या दिसू लागल्या, म्हणून त्यांनी मोलकरणीच्या मदतीने दोन रेशमी हातरुमाल आणि गुलाबी रिबीन जोडून ती पहिल्यांदा तयार केली होती. पुढे त्यांनी हे पेटंट वॉर्नर ब्रदर्स या कॉर्सेट कंपनीला १,५०० डॉलरला विकले. पण त्या ब्राला वाट्या नव्हत्या, आणि तिचे वेगवेगळे नंबरही नव्हते.

वाट्यांकडे लक्ष गेले ते न्यूयॉर्कच्या एका कपड्यांच्या दुकानात. १९२०च्या दशकात सपाट छातीची फॅशन होती. बायका छाती पट्टीने बांधून घेत. शिवणकाम करणाऱ्या आयडा रोझेन्थाल आणि त्यांच्या भागीदार एनिड बिसेट यांना आपले शिवलेले पोशाख अशा बांधलेल्या अंगावर नीट बसत नाहीत असे दिसले. त्यांनी १९२२ पासून पोशाखातच दोन वाट्या शिवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक बायका नुसत्या त्याच मागू लागल्या. त्यातून मेडनफॉर्म ही कंपनी उभी राहिली.

तरी सगळ्या छाती नुसत्या इंचात मोजायच्या, ही अडचण होतीच. समजा दोन बायकांची छाती छत्तीस इंच आहे. एकीचा पिंजरा रुंद आणि स्तन लहान, दुसरीचा पिंजरा अरुंद आणि स्तन भरलेले. दोघींना एकच ब्रा कशी बसणार? १९३२ मध्ये अमेरिकेतल्या एस. एच. कॅम्प या कंपनीने स्तनांच्या आकारासाठी ए, बी, सी, डी ही अक्षरे वापरली. १९३७ मध्ये वॉर्नर कंपनीने वाट्यांची मापे आपल्या मालावर आणली. तेव्हापासून ब्राचे माप म्हणजे एक आकडा आणि एक अक्षर. आकडा पट्ट्याचा, अक्षर वाटीचे. ताणणारे लायक्राचे कापड तर त्याहून नंतरचे, १९५८ सालचे.

आता माझ्या आईकडे परत येते. तिला छत्तीस हा आकडा मिळाला तो ब्लाउजवरून. शिंपी ब्लाउजला छातीचे माप घेतो ते सर्वांत भरलेल्या जागी. ते छत्तीस भरले, म्हणून बॉडीही छत्तीस! पण ब्राचा आकडा त्या जागेचा नसतोच. तो ठरतो स्तनांच्या खालच्या घेरावर. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ब्रांच्या चिठ्ठीवर ३४ च्या शेजारी ७५ छापलेले असते, ३६ च्या शेजारी ८०. हे सेंटिमीटर आहेत, आणि ते छातीखालच्या घेराचे. चौतीस इंच म्हणजे खरे तर शहाऐंशी सेंटिमीटर. मग पंच्याहत्तर कसे? कारण पूर्वी छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवून हा आकडा काढीत. तो हिशेब मागे पडला, आकडा मात्र तसाच चिठ्ठीवर राहिला. शिवण शिकवणाऱ्या मला हे ठाऊक नव्हते. मी चिठ्ठी कधी वाचलीच नव्हती.

वाचणार तरी कशी? मला तुळशीबागेतली खरेदी आठवते. आई मैत्रिणीला बरोबर घेऊन जाई. दुकानात बायकांची गर्दी असेल तर थांबे. गल्ल्यावरचे गृहस्थ विचारत, “काय देऊ वहिनी?” आई खाली बघून पुटपुटे, “छत्तीस.” ते पुडके वर्तमानपत्राच्या कागदात बांधले जाई आणि पिशवीच्या तळाशी भाजीखाली जाई. वाटी कुठली, असे त्यांनी कधी विचारले नाही आणि तिने कधी सांगितले नाही. त्या गृहस्थांची काही चूक नव्हती. त्यांना विचारायचा संकोच, तिला सांगायचा संकोच. चाळीस वर्षे संकोचानेच तिचे माप ठरवले.

आईचे दिवस झाल्यावर एका दुपारी दार लावून मी स्वतःचे माप घेतले. कोणालाही घेता येते, म्हणून सांगते. आरशासमोर सरळ उभे राहायचे. टेप स्तनांच्या अगदी खाली, पाठीवर आडवी सरळ राहील अशी, जरा घट्ट धरायची. माझे भरले ७५ सेंटिमीटर. मग सर्वांत भरलेल्या जागी, न आवळता. ते भरले ९२. फरक १७. फरक १२ ते १४ असेल तर वाटी ए, १४ ते १६ बी, १६ ते १८ सी, १८ ते २० डी. म्हणजे माझे माप चौतीस सी. आणि मी वर्षानुवर्षे छत्तीस बी वापरत होते.

गंमत अशी की चौतीस सी आणि छत्तीस बी यांच्या वाट्या सारख्याच असतात. पट्टा लहान झाला की अक्षर एकाने पुढे जाते, म्हणून ‘सी म्हणजे मोठी’ हे खरे नाही. बिघडले होते ते माझ्या पट्ट्यात. ब्राचा बहुतेक भार पट्ट्याने उचलायचा असतो. तो सैल असला की पाठीवर वर चढतो, सगळे ओझे खांद्यावरच्या बंदांवर येते, आपण बंद आणखी आवळतो, आणि चर पडतात. आईच्या खांद्यांवरचे चर हे तिच्या वयाचे नव्हते, देवाने दिलेलेही नव्हते. ते एका सैल पट्ट्याचे होते.

टेपने आलेले माप ही केवळ सुरुवात असते, हेही सांगायला हवे. लंडनच्या रिग्बी अँड पेलर या दुकानाला १९६० मध्ये राणी एलिझाबेथचा राजमान्यतेचा शिक्का मिळाला होता. तिथल्या बायका टेप वापरतच नसत, नुसत्या नजरेने पाहून माप सांगत आणि घालून दाखवायला लावत. आपणही घालून पाहावे. नवी असताना सर्वांत सैल हुकावर ती बसली पाहिजे, कारण पट्टा पुढे ताणत जातो. मधला जोड छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. वाटीतून काही बाहेर येऊ नये, वाटी रिकामीही राहू नये. हात वर करावेत, वाकावे, दोन पावले चालावे. लेस, रेशीम, परदेशी नाव आणि चार आकडी किंमत यांतले काहीही सैल पट्ट्याला घट्ट करत नाही. लग्नाच्या खरेदीत हौसेने महागाची डिझायनर ब्रा जरूर घ्यावी, पण आधी ती बसते का हे पाहावे.

हे सारे मी तुम्हांला आज का सांगते आहे? माझी नात तेरा वर्षांची आहे. खो-खो खेळते. गेल्या वर्षी तिने अचानक मैदानावर जाणे बंद केले. अभ्यास आहे, पाय दुखतो, अशी कारणे. एका संध्याकाळी माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, “आजी, पळताना खूप हलतं गं. सगळे बघतात.” तिच्या आईने तिला आणून दिली होती ती साधी ब्रा, आणि तीही अंदाजाने.

मी तिला लिसा लिंडाल यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या व्हर्माँटमधल्या या बाईंना पळण्याचा छंद होता आणि हाच त्रास होता. १९७७ च्या उन्हाळ्यात त्यांनी बालमैत्रीण पॉली स्मिथ यांना काही उपाय शोधायला सांगितले. पॉली नाटकांचे पोशाख करत. पुरुष खेळाडूंचा लंगोटासारखा आधारपट्टा असतो ना, लिसाच्या नवऱ्याने थट्टेने तो छातीवर चढवून दाखवला. दोघी हसल्या, आणि मग खरेच दोन आधारपट्टे कापून जोडले. हिंडा श्रायबर या तिसऱ्या मैत्रिणीने धंद्याची बाजू सांभाळली. त्यांच्या ‘जॉगब्रा’ला १९७९ मध्ये पेटंट मिळाले आणि २०२२ मध्ये तिघींना अमेरिकेच्या संशोधकांच्या मानाच्या यादीत जागा मिळाली. नात पोट धरून हसली. “म्हणजे त्यांनाही हलायचं?” तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी तिचे माप तिनेच घेतले, मी फक्त टेप पाठीवर सरळ धरली. दुकानात आम्ही दोघी गेलो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. “काय हवं?” तिने विचारले. माझ्या नातीने नेहमीच्या आवाजात, खाली न बघता, आकडा सांगितला, अक्षर सांगितले आणि म्हणाली, “खेळायला हवी आहे.” दोन घालून पाहिल्या, तिसरी घेतली. आता ती पुन्हा मैदानावर असते.

आईच्या खांद्यांवरचे ते चर मी नंतर कोणाला दाखवू शकले नाही, ते तिच्याबरोबर गेले. पण टेप बहुतेक घरांत असते, शिवणाच्या डब्यात किंवा कपाटाच्या खणात. आज रविवार आहे, दुपारी वेळ असेल. आपल्या आईचे, मुलीचे, सुनेचे आणि स्वतःचेही माप एकदा घ्या. आणि दुकानात गेलात की आकडा मोठ्याने सांगा.