जुन्या लॅपटॉपची बॅटरी लवकर का संपते? : कारणे, तपासणी आणि उपाय

लॅपटॉप संगणक जुना होऊ लागला, की पहिली तक्रार बहुधा बॅटरीची असते. नवा असताना चार तास चालणारा संगणक काही वर्षांत तास-दीड तासावर येतो आणि पुढे भिंतीवरच्या प्लगपाशीच वापरावा लागतो. अशा वेळी बहुतेक वापरकर्ते थेट नवी बॅटरी विकत घेतात. मात्र पुष्कळदा नवी बॅटरी बसवूनही अपेक्षेइतका फरक पडत नाही. बॅटरी लवकर संपण्यामागे दोन स्वतंत्र कारणे असतात, हे त्याचे कारण होय. एक, बॅटरीत साठणारी वीज कमी होणे; दुसरे, संगणकाचा विजेचा खर्च वाढणे. यांपैकी कोणते कारण किती प्रमाणात आहे, हे आधी मोजून पाहिल्यास अनाठायी खर्च टळतो.

साठा आणि खर्च यांचे गणित

बॅटरीची क्षमता वॉट-तास या एककात मोजतात. बॅटरीवर हा आकडा छापलेला नसेल, तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. उदाहरणार्थ, ११.१ व्होल्ट आणि ४४०० मिलिअँपिअर-तास, म्हणजेच ४.४ अँपिअर-तास, असे लिहिलेल्या बॅटरीची क्षमता सुमारे ४९ वॉट-तास असते. या क्षमतेला संगणकाच्या सरासरी वीजवापराने भागले, की बॅटरी किती तास चालेल ते कळते.

समजा, ४८ वॉट-तासांची बॅटरी असलेला एखादा लॅपटॉप नवा असताना सरासरी १२ वॉट वीज वापरत होता. तेव्हा तो चार तास चालत असे. आज त्याच बॅटरीत ३० वॉट-तास वीज मावते आणि संगणक २० वॉट वापरतो, म्हणून तो दीड तासात बंद पडतो. येथे केवळ नवी बॅटरी घातली, तर वेळ २ तास २४ मिनिटांवर जाईल. उलट जुनीच बॅटरी ठेवून वीजवापर पुन्हा १२ वॉटवर आणला, तर तोच संगणक अडीच तास चालेल. एक पैसाही खर्च न करता नव्या बॅटरीइतका, किंबहुना किंचित अधिक लाभ मिळू शकतो, तो असा.

बॅटरी का थकते?

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी या जपानी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या बॅटरीत लिथियमचे आयन ग्राफाइट आणि धातूचे संयुग अशा दोन टोकांदरम्यान ये-जा करतात. प्रत्येक फेरीत काही लिथियम ग्राफाइटच्या पृष्ठभागावर तयार होणाऱ्या थरात अडकून पडते आणि पुन्हा कामाला येत नाही. ही झीज भरून निघत नाही. बॅटरी शीतकपाटात ठेवल्याने ती ‘जिवंत’ होते, असा एक समज आहे. त्यात तथ्य नाही. उलट आतील बाष्पामुळे नुकसान होण्याचाच संभव असतो.

झिजेचा वेग मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो : चार्जिंगची आवर्तने, उष्णता आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत गेलेला काळ. शंभर टक्के क्षमता वापरून झाली म्हणजे एक आवर्तन. अर्धी बॅटरी दोनदा वापरली तरी ते एकच धरले जाते. जुन्या लॅपटॉपमधील बॅटऱ्या साधारणपणे ३०० ते ५०० आवर्तनांनंतर स्पष्टपणे मंदावतात. उष्णता आणि पूर्ण भार एकत्र आले, की झीज सर्वांत वेगाने होते. पूर्ण चार्ज करून उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवलेला लॅपटॉप वापरात नसतानाही म्हातारा होत असतो. नागपूर, दिल्ली किंवा जयपूरसारख्या शहरांतील वापरकर्त्यांनी ही बाब विशेष लक्षात ठेवावी.

क्षमता कशी तपासावी?

बॅटरीच्या आतील नियंत्रक चकती तिची मूळ क्षमता आणि सध्या भरू शकणारी क्षमता, असे दोन्ही आकडे नोंदवून ठेवते. ते वाचण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याची आवश्यकता नाही.

विंडोज ८ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा लिहावी, एक जागा सोडावी आणि तिरकी रेघ देऊन तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे लिहावे. अहवालाची फाईल तयार होते व ती कोठे साठवली आहे ते पडद्यावर दिसते. ब्राउझरमध्ये ती उघडल्यावर ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे पाहावेत. ते मिलिवॉट-तासांत असतात. ४८,००० म्हणजे ४८ वॉट-तास. विंडोज ७ मध्ये ‘बॅटरीरिपोर्ट’च्या जागी ‘एनर्जी’ हा शब्द वापरावा. ॲपलच्या मॅकबुकमध्ये सिस्टीम इन्फर्मेशनमधील ‘पॉवर’ या विभागात आवर्तनांची संख्या आणि बॅटरीची स्थिती दिसते. लिनक्सवर ‘यूपॉवर’ ही आज्ञा दोन्ही क्षमता दाखवते, शिवाय त्या क्षणी किती वॉट वीज खर्च होत आहे तेही सांगते.

सध्याची क्षमता मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांहून अधिक असेल, तर दोष बहुधा बॅटरीचा नाही. ५० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर आधी विजेचा खर्च कमी करून पाहावा. निम्म्याहून खाली गेली असेल, तर बॅटरी बदलणे व्यवहार्य ठरते.

वीजवापरही घरच्या घरी मोजता येतो. बॅटरी पूर्ण भरावी, चार्जर काढावा आणि अर्धा तास नेहमीचे काम करावे. ३० वॉट-तासांच्या बॅटरीची पातळी अर्ध्या तासात ३० टक्क्यांनी उतरली, तर ९ वॉट-तास खर्च झाले. अर्थात सरासरी वापर १८ वॉट आहे.

आकडा खोटा असू शकतो

पडद्यावर दिसणारी टक्केवारी हा नियंत्रक चकतीचा अंदाज असतो. बॅटरीत शिरलेला आणि बाहेर पडलेला वीजप्रवाह मोजून तो काढला जातो. बॅटरी अनेक महिने अर्धवटच वापरली गेल्यास हा हिशेब चुकत जातो. त्यावर उपाय म्हणून बॅटरी पूर्ण भरून तासभर तशीच राहू द्यावी, मग संगणक आपोआप निद्रावस्थेत जाईपर्यंत वापरावा आणि पुन्हा सलग शंभर टक्के चार्ज करावा. यामुळे मोजमाप सुधारते, क्षमता वाढत नाही. म्हणून हा प्रयोग काही महिन्यांतून एखाद्या वेळीच करावा.

बॅटरी दर वेळी पूर्ण संपवूनच चार्ज करावी, हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातील आहे. लिथियम-आयन बॅटरीला ती सवय लाभदायक नव्हे, हानिकारक आहे.

आकडा ३०-४० टक्के दाखवत असताना संगणक अचानक बंद पडत असेल, आणि वरील उपायानेही फरक पडत नसेल, तर बॅटरीतील एखादा सेल कमकुवत झाला आहे किंवा तिचा अंतर्गत रोध वाढला आहे असे समजावे. संगणकावर ताण येताच व्होल्टेज एकदम खाली येते आणि वीज तुटते. अशी बॅटरी बदलणे हाच उपाय होय.

विजेचा खर्च कोठे होतो?

सर्वांत मोठा आणि सहज आटोक्यात येणारा खर्च पडद्याच्या उजेडाचा असतो. घरातील कामाला निम्मा उजेड बहुधा पुरतो. त्यानंतर टास्क मॅनेजर उघडून, काहीही काम चालू नसताना प्रोसेसरचा वापर किती आहे ते पाहावे. तो बराच वेळ १० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर पार्श्वभूमीवर एखादा प्रोग्राम राबत आहे. एकाहून अधिक अँटिव्हायरस, आपोआप सुरू होणारे प्रोग्राम आणि ब्राउझरमध्ये उघडी राहिलेली असंख्य पाने हे त्यातील नेहमीचे दोषी होत.

व्हिडिओ हे एक कमी परिचित कारण आहे. आज इंटरनेटवरील अनेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी संकुचित केलेले असतात. एव्ही१ उलगडण्याची सोय इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये २०२० साली आलेल्या अकराव्या पिढीपासून मिळू लागली. त्याआधीच्या संगणकात हे काम मुख्य प्रोसेसरला करावे लागते. पंखा जोरात फिरतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. अशा संगणकावर व्हिडिओ कमी दर्जात पाहावा, किंवा जुन्या एच.२६४ पद्धतीतील प्रत मागणारी जोडणी ब्राउझरमध्ये बसवावी.

धूळ हेही खर्चाचे कारण ठरते. पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या धुळीने बुजल्या, की पंखा सतत वेगाने फिरतो आणि उष्णतेने बॅटरीचीही झीज होते. दुरुस्ती केंद्रात आतील सफाई करून घेताना प्रोसेसरवरील वाळलेले थर्मल पेस्ट बदलून घ्यावे. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवल्यास हवेची वाट बंद होते, हे लक्षात घ्यावे.

यांखेरीज न लागणारी यूएसबी उपकरणे काढून ठेवावीत. चकती फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यास काही प्रमाणात वीज वाचते. संगणकाचा वेग मात्र लक्षणीय वाढतो. झाकण मिटून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी रात्रभरात उतरत असेल, तर स्लीपऐवजी हायबरनेट हा पर्याय निवडावा.

चार्जरचा दोष

काही वेळा बॅटरी ठीक असते, परंतु ती पूर्ण भरतच नाही. चार्जरवर लिहिलेले व्होल्ट मूळ चार्जरइतकेच असावेत आणि वॉट त्याहून कमी नसावेत. काही कंपन्यांच्या चार्जरच्या मधल्या बारीक पिनेतून संगणकाला चार्जरची ओळख पटते. ती पिन वाकली किंवा तार आतून तुटली, तर संगणक चालतो, पण बॅटरी भरत नाही. म्हणून नवी बॅटरी घेण्यापूर्वी दुसरा योग्य चार्जर लावून पाहावा.

फुगलेली बॅटरी : तत्काळ थांबावे

टचपॅड वर उचलला जाणे, त्याची कळ न दाबली जाणे, झाकण नीट न मिटणे किंवा टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगणे ही बॅटरी फुगल्याची लक्षणे आहेत. आत वायू साठल्याने असे घडते आणि त्यातून आग लागू शकते. बॅटरीतील दोषामुळे आग लागण्याचा धोका लक्षात घेऊन २००६ साली डेल कंपनीने लॅपटॉपच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या.

फुगवटा दिसताच संगणक बंद करून चार्जर काढावा. बॅटरी दाबू नये, टोचू नये, वाकवू नये. ती बाहेरून सहज निघणारी असेल तर अलगद काढून कागद, कापड यांपासून दूर ठेवावी. आतील असेल तर संगणक तसाच दुरुस्ती केंद्रात न्यावा. माहितीची प्रत काढायची राहिली आहे, एवढ्यासाठी तो पुन्हा चार्जिंगला लावू नये.

नवी बॅटरी घेताना

दिल्लीतील नेहरू प्लेस, मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा बंगळुरूतील एस. पी. रोड येथील बाजारांत, तसेच ऑनलाइन दुकानांत, एकाच मॉडेलसाठी निरनिराळ्या किमतींच्या बॅटऱ्या मिळतात. खरेदीपूर्वी जुन्या बॅटरीवरील भाग क्रमांक, व्होल्ट आणि वॉट-तास ताडून पाहावेत. उत्पादनाची तारीख अवश्य पाहावी, कारण न वापरलेली बॅटरीही पडून राहिल्याने जुनी होते. बसवल्यानंतर वर सांगितलेला अहवाल पुन्हा काढावा; छापील क्षमता आणि नोंदलेली क्षमता यांत मोठी तफावत आढळल्यास बॅटरी लगेच परत करावी. जुन्या खोक्यात नवे सेल भरून देणारे कारागीरही असतात. परंतु विजोड सेल आणि निकृष्ट जोडकाम यांमुळे हा मार्ग धोक्याचा ठरू शकतो.

खर्च करण्यापूर्वी संगणकाचा उरलेला उपयोगही विचारात घ्यावा. विंडोज १० चे सर्वसाधारण सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ न चालणाऱ्या संगणकावर लिनक्स वापरण्याची तयारी असेल, तर नवी बॅटरी त्याला आणखी काही वर्षे कामात ठेवू शकते.

निगा आणि विल्हेवाट

लॅपटॉप बहुतांश वेळ प्लगला जोडूनच वापरला जात असेल, तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक कंपन्यांच्या संगणकांत असते. ती सुरू करावी. बॅटरी काढून केवळ विजेवर संगणक चालवल्यास वीज जाताच अपूर्ण काम नष्ट होते, म्हणून भारनियमनाच्या भागात ते टाळावे. अनेक आठवडे न लागणारी बॅटरी साधारण निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी.

निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत ती दबल्यास आग लागू शकते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ग्राहकाने टाकाऊ बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी द्यावयाची असते आणि ती गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. बॅटरीची दोन्ही टोके चिकटपट्टीने झाकून ती कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सुपूर्द करावी.