भट्टीने नापास केलेली वीट

माझे अब्बा गवंडी होते. जास्त भाजून वाकडी झालेली, फुगलेली वीट हातात आली की "खंगर आहे" म्हणून ते बाजूला टाकत. अशी वीट भिंतीत चालत नाही, फार तर पायाच्या भरावात जाते. पण अशाच वाया गेलेल्या विटांमधून काँक्रीटची हलकी खडी जन्माला आली, हे मला बी.एड. होऊन शिक्षक झाल्यावर वाचनात कळले.

अमेरिकेतील कॅन्सस सिटीत स्टीफन हेड हा वीट उत्पादक होता. शेल नावाच्या थराथराच्या खडकापासून विटा बनत. भट्टी फार लवकर तापली की काही विटा फुगून वाया जात. हेडने या नुकसानीतच उपयोग पाहिला. सुमारे 1100 ते 1200 अंश सेल्सिअसला शेल मऊ पडतो, आतला वायू कोंडतो आणि थंड झाल्यावर बारीक पोकळ्यांचा टणक खडा उरतो. फिरत्या भट्टीत असे खडे मुद्दाम तयार करण्याचे पेटंट त्याला 1918 मध्ये मिळाले.

तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. पोलादाची टंचाई असल्याने अमेरिकेने काँक्रीटची जहाजे बांधायला घेतली. साध्या खडीचे काँक्रीट घनमीटरला सुमारे 2400 किलो भरते. जहाजाला एवढे वजन परवडणारे नव्हते, म्हणून फुगवलेल्या शेलची खडी वापरली. 'सेल्मा' हे तेलवाहू जहाज 28 जून 1919 रोजी पाण्यात उतरले. व्हर्सायचा तह झाला तो हाच दिवस. युद्धासाठी बांधलेले जहाज युद्धाच्या कामी आलेच नाही. पुढे अपघातात फुटल्यावर 1922 मध्ये ते टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनजवळ बुडवले. 1953 मध्ये त्याचे नमुने तपासले, तेव्हा इतकी वर्षे खाऱ्या पाण्यात राहूनही काँक्रीट भक्कम निघाले.

ही खडी फुकटची नाही. भट्टीला इंधन लागते. म्हणून पुढे वीजकेंद्रांतील कोळशाच्या राखेपासूनही अशी खडी बनू लागली. आपल्याकडे चंद्रपूर, परळी येथे राख निघते आणि दुसरीकडे खडीसाठी डोंगर फुटत राहतात. राखेची खडी प्रत्येक डोंगर वाचवील असे नाही, पण काही नक्कीच वाचतील.

वर्गात एखाद्या मुलाला 'वाया गेलेला' म्हणायला जीभ उचलते, तेव्हा मला ती खंगर वीट आठवते. मग मी गप्प बसतो आणि त्याची वही पुन्हा एकदा उघडतो.